मधली खोली

आजवर मी लोकांची पुष्कळ घरं कागदावर काढली, पण मुखपाठ म्हणावी अशी खोली एकच. आमच्या गावच्या घरातली मधली. तिच्या भिंतीतली देवळी कुठे, खिडकीचा कट्टा किती उंच, वरच्या तुळईला कुठे जुन्या खिळ्याचं भोक आहे, हे मला कागद न बघता सांगता येतं. ती मी आईसाठी काढली होती.

आमचं गाव ताडकळसच्या पुढे. तिथला उन्हाळा परभणीकराला सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. दुपारी लाईट जाते, पंखा थांबतो, आणि माणूस घरातल्या घरात सावली शोधत फिरतं. वडील असताना एका वैशाखात आई शेतातून येताना उन्हानं चक्कर येऊन बांधावर पडली. परभणीला नेऊन सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून तिला ऊन सोसत नाही. दुपार झाली की डोकं गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. कूलर लावावा तर त्या ओल्या वाऱ्यानं गुडघे धरतात, म्हणून तेही नाही. तिला एकच गोष्ट लागते, दुपारी आडवं व्हायला एक गार जागा. बाकी आयुष्यात तिनं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

वडील गेल्यावर भावानं जुनं घर पाडायचं काढलं. भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. त्याला कडेवर घेऊन मी शाळेत गेलेय, गुरुजींनी दोघांनाही हाकलून दिलंय. आता त्याचं ताडकळसला बी-बियाण्यांचं दुकान आहे, गावात चार लोक त्याला विचारतात, निवडणूक आली की दहा विचारतात. जुनं घर मातीचं, माळवदाचं. म्हणजे वर सागवानी तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. घर धडधाकट होतं, पण त्याला स्लॅब पाहिजे होता, समोर काच पाहिजे होती. "आक्का, लोकं मातीतून वर यायलेत अन् आमी अजून मातीतच," तो म्हणाला. माझा धंदाच असल्या मातीच्या घरांचं कौतुक करण्याचा, त्यामुळे आमचं वाजलं. शेवटी मी नमतं घेतलं. घर त्याचं, हौस त्याची.

घर बांधायच्या आधी हक्कसोड झाली. आपल्याकडे बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची, आणि माहेर उघडं ठेवायचं अशी रीत आहे. मी सही का केली, असं संभाजीनगरच्या माझ्या मैत्रिणी अजून विचारतात आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते. खरं उत्तर एवढंच की, सही केली नसती तर दिवाळीला त्या दारात उभं राहायची मला लाज वाटली असती. आईनंही सही केली. पूर्णेच्या कचेरीतून बाहेर पडून आम्ही तिघं एसटी स्टँडसमोर चहा प्यायला बसलो. भावानं पिशवीतून साडी काढली. मी म्हणाले, "साडी राहू दे. मला एक खोली दे."

तो दचकलाच. त्याला वाटलं, आता ही वाटणी मागते की काय.

"माझ्यासाठी नाही रे. आईसाठी. घर तुझ्या मनासारखं बांध, काच लाव, आरसे लाव, विमान लाव. पण एक खोली मी काढीन तशी होईल. मातीची. आणि त्यात आई राहील."

त्यानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दिली. आईच्या पायाची आण. अजून काय पायजे तुला?" आई चहाच्या कपात बघत हसत होती. साडी त्यानं तरी माझ्या मांडीवर ठेवलीच, आणि मी ती घेतली.

मग मी ती खोली काढली. घराच्या मधोमध ठेवली. पश्चिमेला स्वयंपाकघर आणि जिना घातला, म्हणजे दुपारचं ऊन आधी त्यांच्या अंगावर. दक्षिणेला धान्याची खोली. उत्तरेला ओसरी आणि अंगण, वाऱ्याला यायला. भिंती जुन्याच घराच्या दगडाच्या आणि पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. वर जुन्याच तुळया घालून माळवद, आणि माळवदाला मधोमध सवणं. सवणं म्हणजे छतातलं चौकोनी भोक. त्यातून उजेड खाली येतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. पाऊस आला की दोरी ओढून झाकण लावायचं. काही नवीन नाही, आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोक असंच राहिले. मी फक्त ते विसरू दिलं नाही.

देवळी कुठे करायची ते ठरवायला मी आईला जमिनीवर आडवं व्हायला सांगितलं आणि हात लांब करायला लावला. जिथे हात पोचला तिथे खूण केली. चष्मा, गोळ्या, पाण्याचा तांब्या झोपल्याझोपल्या हाताला लागावा म्हणून.

"शिंप्यासारखं माप घ्यायलीस की गं," आई म्हणाली. "आता आस्तर बी लाव."

खिडकीचा कट्टाही बुटका केला, बसल्याजागी तिला ओसरीपलीकडची गल्ली दिसावी. नकाशात बाकीच्या खोल्यांवर बेडरूम, हॉल असं रीतसर लिहिलं आणि हिच्यावर लिहिलं, आईची खोली.

भाऊ कुरकुरत होता. चारी बाजूंनी स्लॅब आणि मध्ये मातीचं ढेकूळ, लोक काय म्हणतील. गवंड्यालाही तो म्हणायचा, "आमच्या आक्काचं म्युझियम हाय ते, जरा जपून." पण बांधलं. मी सांगितलं तसं, एक रेघ इकडची तिकडे न करता बांधलं. त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले असतील.

वास्तुशांत थंडीत झाली. पहिल्या उन्हाळ्यात भावाचा भर दुपारी फोन आला. "आक्का, लय गार हाय गं! लाईट न्हाई, पंखा न्हाई, तरी लय गार. गावातली लोकं बघायला यायलीत." मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. ज्याची जिरवायची इच्छा होती तोच शिष्य झाला होता. मी म्हटलं, आलास की नाही वळणावर, मातीला नावं ठेवत होतास ना. तो हसला आणि म्हणाला, "हरलो बाई तुझ्यापुढं." ते वाक्य मी किती तरी दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

मग मी त्या खोलीचे फोटो लोकांना दाखवायला लागले. आर्किटेक्चरच्या पोरांपुढे बोलायला बोलावतात तिथे पडद्यावर ती खोली लावायची आणि सांगायचं, घर हवेला उत्तर देतं तसं माणसांच्या राहणीलाही देतं, ही बघा, ही आईची खोली. टाळ्या पडायच्या. गिऱ्हाइकं येऊन म्हणायची, आम्हाला ती तुमच्या आईच्या खोलीसारखी पाहिजे. मी मान हलवायची, मोठी तज्ज्ञ असल्यासारखी.

माहेरी जाणं व्हायचं ते राखीला आणि दिवाळीला. तेव्हा ना ऊन ना तलखी. मी गेले की आई त्या खोलीत असायची, मी तिच्याशेजारी झोपायची, आम्ही दोघी वर सवण्यातला आभाळाचा तुकडा बघत बोलायचो. उन्हाळ्यात माझी कामं ऐन रंगात, निघता यायचं नाही. फोनवर विचारायची, "आई, खोली कशी आहे?" ती म्हणायची, "गार हाय गं माय. तू नको काळजी करू." दर उन्हाळ्यात तेच.

यंदा वैशाखात जिंतूरला एका घराची जागा बघायला गेले होते. काम लवकर आटपलं. म्हटलं, चला, न सांगता जाऊन आईला चकित करू. परभणीला एसटी बदलली, ताडकळसला उतरले, पुढे रिक्षा. भर दुपारी गल्लीत पोचले. समोरच्या काचेवरून ऊन असं डोळ्यांत घुसत होतं की दाराची कडी दिसेना. वहिनीनं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. वहिनी म्हणजे भावाची बायको, मनानं वाईट नाही. "आक्का! आवो, फोन तरी करायचा."

मी हसत हसत सरळ मधल्या खोलीकडे गेले आणि दार ढकललं.

आत गार होतं. बाहेरच्या भट्टीतून येऊन त्या गारव्यात पाऊल टाकलं आणि क्षणभर मला माझाच अभिमान वाटला, हे सांगायला आता जड जातं. मातीचा वास होता. सवण्यातून उजेडाचा चौकोन खाली पडला होता. त्या उजेडाच्या कडेला तख्तावर भाऊ पालथा झोपला होता. भिंतीशी लोड-तक्के लावलेले, मोठा टीव्ही, त्याचे हारतुऱ्याचे, सत्काराचे फोटो. आईच्या हाताच्या मापानं केलेल्या देवळीत मोबाईल चार्जिंगला लावला होता आणि शेजारी तंबाखूची डबी.

"आई कुठंय?" मी वहिनीला विचारलं.

"मागं असतील," ती म्हणाली आणि पदराला हात पुसायला लागली. हात कोरडेच होते.

मागच्या अंगणात, पश्चिमेच्या भिंतीला लागून, एक पत्र्याची खोली होती. ती माझ्या नकाशात नव्हती. सोयाबीनची पोती ठेवायला नंतर बांधली म्हणून सांगितलेलं आठवत होतं. सिमेंटच्या विटा, वर उघडा पत्रा, दाराला ओलं पोतं टांगलेलं. पोतं बाजूला केलं तर आई जमिनीवर बसलेली, डोक्यावर भिजवलेला पंचा, पुढ्यातल्या सुपात तुरीची डाळ. लाईट नव्हती. तो कोंदट उकाडा नुसत्या उन्हापेक्षा वाईट होता. पत्रा वर कडकड वाजत होता.

ती मला बघून आधी हरखली आणि मग घाबरली. "आता गं माय! कवा आलीस? मी आत्ताच बसले बघ हितं, डाळ निवडायला."

पण कोपऱ्यात तिचे देव मांडलेले होते. तिची ट्रंक होती. दोरीवर तिची लुगडी वाळत होती. खिळ्याला चष्म्याची दोरी, पोत्यावर गोळ्यांची पाकिटं, आणि वडिलांचा फोटो पत्र्याच्या चटक्यापासून दूर, खाली जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेला. डाळ निवडायला कुणी देव घेऊन येत नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"आई."

ती सूप पाखडत राहिली. मग हळूच म्हणाली, "पैल्याच उन्हाळ्यापासून की. तू यायच्या आदी तेवढं सामान तिकडं नेतो आमी. राखीला, दिवाळीला."

मी दारातच बसले. भावानं फसवलं हे एक वेळ समजलं असतं, त्याला कडेवर घेतलं तेव्हापासून ओळखते. पण आई माझ्याशेजारी झोपून सवण्याकडे बघायची, आणि सकाळी मी एसटीत बसले की ही लोकं तिची ट्रंक परत मागे आणायची. ती त्यांना सामील होती. मला इतका राग आला की तिच्याकडे बघवेना, आणि तिच्या डोक्यावरच्या पंच्यातून पाणी गळत होतं ते पुसायचंही होतं.

ती आपणहून सांगायला लागली. कुणी तिला काढलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात लोक खोली बघायला यायचे. आलेला माणूस गार वाटलं की तिथंच टेकायचा. मग पाहुणे तिथंच बसायला लागले, दुकानाची माणसं, पार्टीची माणसं. परका पुरुष आत आला की आई उठायची, पदर सावरायची आणि बाहेर जायची. पुरुषांपुढे आडवं पडून राहणं तिला या जन्मात जमलं नसतं. दुपारभर चार वेळा उठायचं, चार वेळा बाहेर जाऊन उभं राहायचं. एके दिवशी ती उठली आणि परत गेलीच नाही. तिला कुणी बोलवायलाही आलं नाही.

मी संस्कृतीवर भाषणं देत हिंडत होते! आमच्या गावात गार जागा कुणाची असते हे मी लहानपणापासून बघत आले होते. जुन्या घरातही सगळ्यात गार होती ती दारालगतची ढाळज, आणि तिथे वडील बसायचे, पाहुणे बसायचे, बाया चुलीपाशी घामाघूम. मी वारा बघितला, ऊन बघितलं, आईच्या हाताचं माप घेतलं, आणि घरातली सगळ्यात चांगली जागा म्हातारीला दिली की ती तिला लाभेल असं समजले. सख्ख्या भावाच्या शब्दावर समजले.

भाऊ तोवर उठून मागे आला होता. डोळे चोळत म्हणाला, "आक्का, कवा आलीस? चहा टाकायला सांगू का?"

"तू आईच्या पायाची आण घेतली होतीस."

"मग? बांधली की खोली. तू सांगितली तशीच बांधली, एक रेघ इकडं तिकडं केली का मी? लोकं मनायलेत, तालुक्यात असली खोली न्हाई." त्याला खरंच कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. "आईलाच तितं करमत न्हाई. इचार तिला. आमी कुठं जा मनलं?"

"आत्याबाईच मनल्या," वहिनी मागून सासूकडे बघत म्हणाली, "सारखं उठावं लागतंय, त्यापरीस मी मागंच बरी. आमी लय इनवण्या केल्या."

"लोक आले की तिनं उठायचं? लोकांना हॉलमध्ये बसव की! काचा लावल्यास ना एवढ्या हौसेनं?"

"हॉलमदी कोण बसंल गं उन्हाळ्यात," तो म्हणाला, "भाजून निघतंय मानूस."

त्यानंतर मी जे बोलले ते गल्लीला ऐकू गेलं. घर कुणाच्या सहीनं तुझं झालं, हेही बोलले. तो बोलला, सही काय मी हात धरून घेतली होती का. शेवटी आईच उठली आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून. "बास कर. मला ह्याच्या घरात राहायचंय. तू दोन रोजानं जाशील."

मी म्हणाले, चल माझ्याकडे, आत्ताच चल. ती म्हणाली, लेकीच्या दारात किती दिवस राहू, अन् तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर मला जमीन कुठं दिसतीय. ती तिथे एकदा राहून गेली होती, दिवसभर ग्यालरीचे गज धरून उभी असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मोटारसायकल काढून ताडकळसला गेला, माझ्याशी न बोलता. मी शेजारून शिडी आणली. मला स्वस्थ बसता येत नव्हतं, आणि हाताला येत होतं ते एवढंच काम. पत्र्यावर आधी चुन्याचा जाड हात मारला. गोठ्यामागे तुराट्यांचा ढीग पडलेला होता, तुरी काढल्यावर राहिलेल्या काटक्या. त्यांच्या पेंढ्या बांधून पत्र्यावर आडव्या अंथरल्या, वर कडबा टाकला, तारेनं आवळलं. छताखालच्या दोन विटा काढून गरम हवेला वाट केली, समोरच्या भिंतीत खाली तशाच दोन काढल्या. वहिनी खालून एकेक पेंढी वर देत होती. तिच्याकडे बघून मला वाटलं, हिचीही पाळी येईल, आणि तेव्हा तिच्यासाठी शिडीवर चढायला कोण असेल.

आई लिंबाखाली बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "पडशील गं." थोड्या वेळानं म्हणाली, "तुजे वडील बी आसंच करायचे, राग आला की कामाला लागायचे."

दुपारी लाईट गेल्यावर आम्ही दोघी आत गेलो. मधल्या खोलीची सर नव्हतीच, पण पत्र्याचा तडाखा मोडला होता. खालच्या भोकातून वाऱ्याची झुळूक पायाला लागत होती. आईनं भिंतीला तळहात लावून बघितला, मग गालही लावला. डोक्यावरचा पंचा काढून ठेवला आणि देवांशेजारी आडवी झाली. बऱ्याच वेळानं तिचा श्वास संथ झाला. मला बरं वाटलं. म्हटलं, अजून एक थर देऊ, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून तट्ट्या लावू, दाराशी ओटा करून वर मांडव घालू, म्हणजे मग बघायलाच नको. मी पेंढी उचलून दाराकडे निघाले.

"कुठं निगालीस?" तिनं डोळे उघडले.

"आणखी थोडं करते. अजून गार होईल."

ती कोपरावर उठून बसली. आधी घराकडच्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको गं माय. एवढं बास हाय. याच्यापरीस गार करू नकोस," ती म्हणाली. "मग मी अजून कुठं जाऊ?"

मी पेंढी खाली ठेवली.